शाम्पू-तेलाच्या बाटलीमागचं लेबल कसं वाचाव? ('शंभर टक्के नॅचरल' वाले या इकडं)

पूर्णाकाठची
नमस्कार मंडळी. आमच्या आठवडी बाजारात एक जण गाडी घेऊन येते, भोंग्यावर "केमिकल फ्री, शंभर टक्के नॅचरल, आवळा रिठा शिकेकाई" लावून ठेवते अन् बायाइची ही झुंबड. सासूबाईनं शाम्पू घेतला, नणदेनं तेल घेतलं. मी म्हटलं मागं काय लिहलं ते तं पाहू, तं इतकं बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा लागलं. शाम्पूचं जसंच्या तसं लिहून देतो:

अॅक्वा, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम क्लोराइड, ग्लायकॉल डायस्टिअरेट, परफ्युम, फेनॉक्सीइथेनॉल, एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस एक्स्ट्रॅक्ट, अकेशिया कॉन्सिना एक्स्ट्रॅक्ट, सॅपिंडस मुकोरोस्सी एक्स्ट्रॅक्ट, डायसोडियम ईडीटीए, सायट्रिक अॅसिड, सीआय १९१४०, सीआय ४२०९०.

गूगल करून एवढं समजलं की एम्ब्लिका म्हणजे आवळा. मंग तो आठव्या नंबरवर काऊन हाय? समोर तं हा मोठा आवळ्याचा फोटो हाय. कोनी समजावून सांगन काय?

कपाशी_अन्_तूर
सोडियम क्लोराइड म्हणजे मीठच ना बे? खारपाणपट्ट्यात राहून डोक्याले विकतचं मीठ? आमच्या बोअरचं खारं पाणी बाटलीत भरून विकतो मंग मी, हिरवा रंग टाकून.

गोळीऔषध
ताई, मी डी.फार्म आहे, यवतमाळ जिल्ह्यात मेडिकलवर बसते, रोज हेच लेबल पाहते म्हणून सांगते. आपल्याकडं कॉस्मेटिक्स रूल्स २०२० आहेत. त्यात असं आहे की जे घटक १ टक्क्यापेक्षा जास्त आहेत ते जास्तीकडून कमीकडे असे क्रमानं लिहायचे, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्या मागून कोणत्याही क्रमानं लिहिले तरी चालते. म्हणजे लेबलवर एक न दिसणारी रेघ असते एक टक्क्याची, ती कुठं आहे ते शोधता आलं की अर्धं काम झालं.

तुमच्या यादीत ती सापडते. फेनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात, त्याची मर्यादाच १ टक्का आहे. आता ते सातव्या नंबरवर आहे, म्हणजे त्याच्या मागं जे जे आलं ते सगळं १ टक्का नाहीतर त्याहून कमीच. आवळा, शिकेकाई (अकेशिया कॉन्सिना) आणि रिठा (सॅपिंडस) तिन्ही त्या रेघेच्या खाली बसलेत. फेस येतो तो सोडियम लॉरेथ सल्फेटनं, रिठ्यानं नाही. हिरवा रंग पण आवळ्याचा नाही, सीआय १९१४० हा पिवळा रंग आणि ४२०९० निळा, दोन्ही मिळून हिरवा.

आणि कपाशीभाऊ, मीठ शाम्पूला घट्टपणा यावा म्हणून घालतात, बहुतेक जण घालतात, त्यात काही लबाडी नाही.

पूर्णाकाठची
मायबाई!! म्हणजे हा साधाच शाम्पू हाय, फोटो तेवढा आवळ्याचा?

गोळीऔषध
साधाच. वाईट नाही, पण साधा. एक्स्ट्रॅक्ट दाट असलं तर थोडक्यातही काही असू शकते हे मान्य, पण "आवळा रिठा शिकेकाई शाम्पू" म्हणून दुप्पट पैसे द्यायचे असं त्यात काही नाही.

सांजवेळ
मी नागपूरला शिकते, होस्टेलवर सगळ्या मुली सल्फेट फ्री, पॅराबेन फ्री करत फिरतात. एक प्रश्न, सल्फेट खरंच विष आहे का? रील्समध्ये तर म्हणतात फरशी पुसायच्या लिक्विडमध्ये पण तेच असते.

गोळीऔषध
फरशीच्या लिक्विडमध्ये पाणी पण असते, म्हणून पाणी प्यायचं सोडते का कोणी 😄 सल्फेट तेल काढते, जास्त काढते, म्हणून ज्यांची चामडी कोरडी किंवा ज्यांना इसब आहे त्यांना झोंबते आणि केस राठ होतात. शेतातून धूळ-घाम घेऊन आलेल्या डोक्याला चालते. गंमत म्हणजे यातल्या "लॉरेथ"मधला "लॉर" भाग बहुतेक वेळा खोबऱ्याच्या नाहीतर पाम कर्नलच्या तेलातूनच काढलेला असतो, म्हणून "नारळापासून बनवलेलं" असं कोणी लिहिलं तर ते खोटंही नसते. म्हणून मी म्हणते समोरचं वाचूच नका. "नॅचरल" या शब्दाला टक्केवारीचा काही हिशोब लागत नाही, मागं लिहिलेल्या क्रमाला लागते.

बोंडअळी
मंग सगळं सोडा अन् काळ्या मातीनं डोकं धुवा. आमची बुढी धुवत होती, पंच्याहत्तरीत बी केस कमरेपर्यंत.

कपाशी_अन्_तूर
बुढीचे केस मातीनं नाही राहिले, बोअर नव्हता तवा विहिरीच्या गोड्या पाण्यानं राहिले. आता पाह्य आमच्या इकडं, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, पूर्णेच्या दोन्ही अंगानं सगळं खारं पाणी. साबण लावला की फेस नाही, वरून डोक्यावर पांढरा पांढरा चिकट थर. कंगव्यात अडकते. बायको म्हणते साबण खराब हाय, दुकानदार म्हणते पाणी खराब हाय.

गोळीऔषध
दुकानदार बरोबर. खाऱ्या-जड पाण्यात साबण फाटतो, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून जो न विरघळणारा थर बसतो तोच तुम्ही कंगव्यातून काढता. शाम्पूतलं सल्फेट असं फाटत नाही, म्हणून तुमच्या पाण्यात केसांना वडीचा साबण लावूच नये. आणि ताईच्या लेबलवर शेवटाकडं "डायसोडियम ईडीटीए" आहे ना, ते नाव ऐकून लोक घाबरतात, पण त्याचं काम हेच, पाण्यातले हे क्षार धरून ठेवायचं. खारपाणपट्ट्यातल्या माणसानं तर ते शोधून घ्यावं, "ईडीटीए फ्री" घेतलं तर पस्तावाल. शेवटचं तांब्याभर पाणी पावसाचं साठवलेलं नाहीतर आरओचं वापरलं तरी फरक पडते.

मोहफूल
मी गडचिरोली जिल्ह्यातून. आमचा बचत गट आहे, आम्ही मोहाच्या बियांच्या अन् करंजाच्या तेलाचा साबण बनवतो. वरचं सगळं वाचलं अन् थोडा राग आला, कारण सगळेच हर्बल वाले चोर असं दिसून राहिलं. आमचा पण एक त्रास ऐका. स्टॉलवर नमुना म्हणून ठेवला की बाई येते, साबण उचलते, वास घेते अन् पहिला प्रश्न, "यात कॉस्टिक तर नाही ना?" आता काय सांगाव. कॉस्टिक सोडा घातल्याशिवाय तेलाचा वडीचा साबण होतच नाही, कोणाच्या बापाच्यानं होत नाही. तेल अन् कॉस्टिक मिळून साबण अन् ग्लिसरीन होते, माप बरोबर असलं तर शेवटी कॉस्टिक उरत नाही, वरून थोडं तेल आम्ही जास्तच ठेवतो म्हणजे चामडी ताणत नाही. मग चार ते सहा आठवडे फळीवर सुकवतो. हे खरं सांगितलं की बाई साबण खाली ठेवते, अन् बाजूच्या स्टॉलवर "केमिकल फ्री साबण" लिहिलं असते तिथं जाते. तो पण कॉस्टिकचाच असते!! नाहीतर तयार साबणाचा बेस आणून वितळवून साच्यात ओतलेला.

सांजवेळ
मग साबणाच्या लेबलवर कॉस्टिक दिसत का नाही कधी?

मोहफूल
कारण तेलाचं साबण झाल्यावरचं नाव लिहितात. सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा, सोडियम पामेट म्हणजे पामतेलाचा, सोडियम टॅलोएट लिहिलं असन तर जनावराच्या चरबीचा. उपास-तापासवाल्यांनी ते शेवटचं पाहून ठेवाव. अन् वडीवर टीएफएम (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे वडीतला तेला-चरबीचा भाग) लिहिलं असते, ते पाहा. टॉयलेट सोपमध्ये ग्रेड १ ला किमान ७६ टक्के लागते, ग्रेड २ ला ७०, ग्रेड ३ ला ६०. "बेदिंग बार" लिहिलं असलं तर त्याहून कमीही चालते. जाहिरातीत हळद-चंदन दाखवतात अन् वडी बेदिंग बार असते, असं लय पाहिलं.

पूर्णाकाठची
मोहफूलताई राग नका मानू, तुमचंच लिहणं सगळ्यात कामाचं. तुमच्याजवळ लायसन हाय काय? म्हणजे आमच्या गटालेबी कराचं हाय म्हणून इचारतो.

मोहफूल
विकाचं असलं तर लागते ताई. कॉस-५ फॉर्मवर अर्ज, एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) कॉस-८ मध्ये लायसन मिळते. जागा, यंत्र, जाणकार माणूस, सगळं पाहतात. आमचं अजून चालूच आहे, तोवर घरी अन् नातेवाईकांत. ज्याच्याकडं लायसन आहे त्याच्या पाकिटावर नंबर असते अन् नंबराच्या आधी एम लिहिलेलं असते. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ते. तुमच्या गाडीवाल्याच्या बाटलीवर पत्ता आहे का पाहा आधी. नुसता मोबाईल नंबर असन तर राहू द्या.

बोंडअळी
गाडीवाल्याचा पत्ता म्हणजे पुढच्या मंगळवारी पुढचं गाव 😂

पूर्णाकाठची
पत्ता आहे पण अर्धाच. बरं आता तेल. नणदेच्या तेलावर असं लिहलं: "प्रत्येक १० मिलीमध्ये: भृंगराज ५० मिग्रॅ, आमलकी ५० मिग्रॅ, जटामांसी १० मिग्रॅ, मिनरल ऑइल क्यू.एस." हे शाम्पूसारखं काऊन नाही लिहलं?

गोळीऔषध
हे कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक औषधाच्या लायसनवर आहे, म्हणून प्रत्येक वनस्पतीचं वजन लिहावं लागते. एका परीनं चांगलंच, हिशोब करता येते. १० मिली तेलात ५० मिलिग्रॅम भृंगराज, म्हणजे आपला माका, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. "क्यू.एस." म्हणजे १० मिली व्हायला जितकं लागेल तितकं, म्हणजे उरलेली जवळपास सगळी बाटली मिनरल ऑइल. पॅराफिनचंच पातळ रूप, पेट्रोलियमपासून निघते. शुद्ध केलेलं असलं तर अपाय नाही, केसांवर थर बसवते, खवट होत नाही, आणि स्वस्त असते. पण ते तिळाचं नाही आणि खोबऱ्याचंही नाही. केसाच्या आत शिरायचं म्हणाल तर खोबरेल शिरते, २००३ सालचा मुंबईतल्या दोन संशोधकांचा अभ्यास आहे, खोबरेलानं केसातलं प्रोटीन कमी निघून गेलं, मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलानं ते झालं नाही. आता ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हे पण सांगून ठेवते, ते लपवायला नको.

आबाजी_वरुड
तेलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. लहानपणी गावातल्या वैद्यबुवांच्या हाताखाली भट्टी फुंकायचं काम केलं आहे. माक्याचं तेल करायचं तर प्रमाण ठरलेलं, कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे पावभर माक्याचा वाटलेला गोळा, एक किलो तिळाचं तेल, चार किलो माक्याचा रस. बांधावरचा माका पावसाळ्यात उपटायचा, पाट्यावर वाटायचा, हात काळे होतात ते दोन दिवस जात नाहीत. मंद आचेवर पितळी कढईत, आधी नुसती गदगद असते, रस आटत आला की आवाज बदलतो. तेव्हा उलथन्यानं तळाचा गोळा थोडा काढायचा, बोटांत वळला तर वात होते का पाहायचं, अन् ती वात विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, अजून आटवा. नाही तडतडली तर झालं. तेलाला शेवटी वर फेस येतो ती पण खूण, तुपाचं उलटं असते, तुपाचा फेस झाला की बसतो. पाणी राहिलेलं तेल महिन्यात वास मारते. आता या हिशोबानं पाव किलो गोळा अन् चार किलो रस एक किलो तेलात जातो, अन् तुमच्या बाटलीत दहा मिलीला पन्नास मिलिग्रॅम. नाव एकच, भृंगराज तेल.

कपाशी_अन्_तूर
आबाजी, हे वाचून बुढीची कढई आठवली. पण तिळाचा भाव पाहता हे तेल कराले वावर विकाव लागन.

आबाजी_वरुड
भाऊ, म्हणूनच ते मिनरल ऑइल घालतात.

सांजवेळ
खोबरेलाच्या काही बाटल्यांवर हेअर ऑइल लिहिलेलं नसतेच, एफएसएसएआयचा (खाण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) खाण्याचा नंबर असते, ते का?

गोळीऔषध
टॅक्सचं भांडण होतं ते, तेव्हा खाद्यतेलावर कर कमी होता आणि केसांच्या तेलावर जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शुद्ध खोबरेल लहान बाटलीत विकलं म्हणून ते आपोआप केसांचं तेल होत नाही. ग्राहकाच्या दृष्टीनं खाण्याचा नंबर असलेली बाटली बरी, त्यात मिनरल ऑइल घालता येत नाही.

पूर्णाकाठची
उटण्याचं राहिलं. आमची धाकटी पोट्टी रील पाहून बेसन, हळद अन् लिंबू तोंडाले लावते, अन् मे महिन्यात गच्चीवर कपडे वाळू घालाले जाते. मी म्हटलं घरचंच हाय, काय होते. होते काय काही?

गोळीऔषध
होते!! लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातले काही घटक उन्हाच्या अतिनील किरणांशी जुळून चामडी भाजते. लगेच नाही दिसत, एक-दोन दिवसांनी फोड येतात, मग काळे-तपकिरी डाग, ते जायला कधी कधी महिने लागतात. आपल्याकडं ४५ डिग्रीत तर विचारूच नका. बेसन दह्यात कालवायला सांगा, लिंबू सोडा. तसंच बावचीच्या बियांचं तेल. कोडाच्या डागावर लावतात ना, ते पण उन्हासंगं पोळते. वैद्याला विचारल्याशिवाय ते तेल लावू नये.

बोंडअळी
"नॅचरल हाय, साइड इफेक्ट नाही" म्हणणाऱ्याच्या हातावर बिब्याचं तेल टाकाव एक थेंब. बिबा उतला (अंगावर फोड आले) म्हणजे काय ते आमच्या गावात विचारा. तोबी झाडाचाच हाय.

मोहफूल
पहिल्यांदा बोंडअळीशी सहमत 🙏 आमच्याकडं बिबे गोळा करणाऱ्या बाया हाताला आधी तेल चोपडतात.

कपाशी_अन्_तूर
लग्नात ती काळी मेहंदी लावतात पोट्ट्या, अर्ध्या घंट्यात चकाचक काळी. तेबी सांगा. साळीच्या हातावर फोड आले होते नक्षीसकट.

गोळीऔषध
खरी मेहंदी काळी होतच नाही भाऊ. तिच्यातला लॉसोन हा घटक चामडीला नारंगी-लाल-तपकिरी रंग देतो, तोही तासन्‌तास ठेवून, दुसऱ्या दिवशी गडद होतो. अर्ध्या तासात काळी झाली तर त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी असण्याची शक्यता जास्त, पॅराफेनिलिनडायअमिन. केसांच्या डायवर ते असलं तर पाकिटावर इशारा छापावा लागतो, आधी थोडं लावून तपासा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो म्हणून. कानामागं नाहीतर कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबायचं. "हर्बल काळी मेहंदी" घेतानाही मागं हे नाव शोधा. साळीबाईंना एकदा झालं म्हणजे पुढं केसांच्या डायनंही होऊ शकते, त्यांना सांगून ठेवा.

सांजवेळ
आणि पार्लरमध्ये त्या बिननावाच्या डबीत "आयुर्वेदिक गोरं व्हायची क्रीम" देतात, आठ दिवसात फरक म्हणून?

गोळीऔषध
तिथं लेबल वाचायचा प्रश्नच नाही, कारण लेबलच नसते. आठ दिवसात गोरं करणाऱ्यात बहुतेक वेळा पारा नाहीतर स्टेरॉइड असते. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली होती पाहा, आपल्या अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघी, मायलेकी, किडनीचा त्रास झाला, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोध लागला की क्रीममध्ये पारा होता. अशा क्रीममध्ये पारा घालायला कायद्यानं मनाई आहे. स्टेरॉइडच्या ट्यूबा २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये घातल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच, तरी माझ्याकडं रोज कोणी ना कोणी "ती गोरं व्हायची दे ना बाई" करत येते, गजकर्णाला पण तेच लावतात आणि गजकर्ण आणखी पसरते. नाही दिली की दुसऱ्या दुकानात जातात.

पूर्णाकाठची
हे वाचून जावेची डबी आजच काढून घेतो. एक शेवटचं, मी जवस उकळून जेल करतो केसाले, लय मस्त होते, पण कधी कधी वर तार धरते अन् वास येते. टिकत काऊन नाही? विकतचं तं वर्षभर राह्यते.

मोहफूल
पाणी आहे ना त्यात ताई. जिथं पाणी तिथं बुरशी अन् जंतू. विकतच्यात फेनॉक्सीइथेनॉल नाहीतर सोडियम बेंझोएट असते म्हणून ते टिकते, लोक त्यालाच शिव्या देतात. नुसत्या तेलाला त्याची गरज नाही, पण जेल, लोशन, कोरफडीचा गर, रिठ्याचं पाणी, हे सगळं पाण्याचं. "पाणी आहे अन् प्रिझर्वेटिव्ह नाही अन् दोन वर्ष टिकते" असं कोणी म्हणलं तर मी तिथून उठून येतो.

गोळीऔषध
हो. जवसाचं जेल थोडंच करा, स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, बोट न घालता चमच्यानं काढायचं. चार-पाच दिवसांत संपवा. तार धरली की फेकून द्या, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून टाकली तरी बुरशी थांबत नाही, ती तेल खवट होऊ नये म्हणून असते.

कपाशी_अन्_तूर
फ्रिजातलं जेल आमच्या घरी पोट्ट्यानं पोळीले लावून खाल्लं असतं. डब्यावर चिठ्ठी लावजा ताई.